४२९४९६७२९७ चे अवयव हाताने कसे पाडायचे? आणि पाया २ ची चाचणी तिला मूळ का ठरवते?

समशेष

नमस्कार मंडळी,

संख्या आहे २^३२ + १, म्हणजे ४२९४९६७२९७. अक्षरी चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. पुढे तिला न म्हणतो. ही मूळ संख्या नाही, ६४१ ने भाग जातो, हे माहीत आहे. पण "६४१ ने भागून बघा" एवढ्यावर समाधान होत नाही. ६४१ पर्यंत पोचायचं कसं, ते समजून घ्यायचं आहे. अडतंय ते इथे:

१) न चं वर्गमूळ ६५५३६ च्या जेमतेम पुढे आहे. तिथवर ६५४२ मूळ संख्या आहेत आणि ६४१ ही त्यांतली ११६ वी. ओळीने भागत गेलो तरी ११६ भागाकार, तेही दहा अंकी भाज्याचे. यातले किती टाळता येतील?

२) भागाकार येतो ६७००४१७. तो मूळ आहे हे दाखवायला २५८८ पर्यंत जावं लागेल, म्हणजे पुन्हा तीनशेहून जास्त भागाकार.

३) २ चा (न − १) वा घात घेऊन त्याला न ने भागलं तर कागदावर बाकी १ येते, म्हणजे फर्माची चाचणी (न मूळ असेल तर ही बाकी १ च यायला हवी) "मूळ असावी" म्हणते. तेच गणित ६४ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात प्रोग्रॅमने केलं तर बाकी ० येते. दोन्ही खरं कसं असेल?

४) पोलार्डची "प वजा १" पद्धत (पायाचा मोठा घात घ्यायचा, त्यातून १ वजा करायचा आणि उरलेल्याचा न शी मसावि काढायचा) पाया २ घेऊन लावली. घातांक ७! असताना मसावि १, आणि ८! होताच मसावि एकदम न. मधलं काहीच हाती लागत नाही.

---

मूळशोधक

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ११६ नाही, फक्त २ भागाकार पुरतात. आणि ६७००४१७ साठी ४.

समजा प ही मूळ संख्या न ला भागते. मग मॉड प मध्ये (म्हणजे प ने भागून उरणारी बाकीच बघितली तर) २^३२ ≡ −१. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की २^६४ ≡ १. आता २ चा सगळ्यात लहान कोणता घात १ होतो? तो घातांक ६४ चा विभाजक असणार: १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. तो ३२ किंवा त्याहून लहान असता तर २^३२ ≡ १ झालं असतं, पण ते −१ आहे. म्हणून तो घातांक नेमका ६४. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार २^(प−१) ≡ १, तेव्हा ६४ ने (प − १) ला भाग जायलाच हवा. म्हणजे प = ६४क + १.

ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ शोधला. अवयवांचा हा ६४क + १ आकार नंतर त्यानेच सिद्ध केला. इथवर आलं तरी काम पाच भागाकारांवर येतं: या आकाराच्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. (६५, १२९, ३२१, ३८५, ५१३ या संयुक्त, त्या आपोआप गळतात.)

अजून एक पायरी आहे आणि ती फार देखणी आहे. म = १६७७६९६० घ्या. ही संख्या म्हणजे २^२४ − २^८. तिचा वर्ग २^४८ − २^३३ + २^१६. आता २^३२ च्या जागी −१ ठेवा: २^४८ चं होतं −२^१६, २^३३ चं होतं −२. म्हणजे एकूण −२^१६ + २ + २^१६ = २. म ^ २ ≡ २! मग म^६४ ≡ २^३२ ≡ −१, आणि वरचाच युक्तिवाद म ला लावला की १२८ ने (प − १) ला भाग जातो. प = १२८क + १. ही सुधारणा ल्युकाची, १८७८ ची.

आता यादी बघा: १२९ = ३ × ४३, २५७ मूळ, ३८५ ला ५ ने भाग, ५१३ ला ३ ने, ६४१ मूळ. म्हणजे २५७ आणि ६४१ एवढेच दोन. त्यातही २५७ ला प्रत्यक्ष भागायची गरज नाही. २^८ = २५६ ≡ −१, म्हणून २^१६ ≡ १, २^३२ ≡ १ आणि बाकी २. उरला ६४१.

भागाकार मांडून दाखवतो, कारण एक ठरावीक चूक इथेच होते:

४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा (३८४६), उरले ४४८.
९ उतरवला, ४४८९: सात वेळा (४४८७), उरले २.
६ उतरवला, २६: शून्य वेळा.
७ उतरवला, २६७: पुन्हा शून्य वेळा.
२ उतरवला, २६७२: चार वेळा (२५६४), उरले १०८.
९ उतरवला, १०८९: एकदा, उरले ४४८.
७ उतरवला, ४४८७: सात वेळा, उरले ०.

भागाकार ६७००४१७. घाईत मधली दोन शून्यं सुटतात आणि ६७४१७ लिहिलं जातं. नऊ टाकण्याचा ताळा ही चूक पकडत नाही, कारण शून्यांनी अंकांची बेरीज बदलत नाही. दोन्हींची २५ च. अकराचा ताळाही पकडत नाही, कारण दोन शून्यं एकदम गेली की बाकीच्या अंकांची सम-विषम स्थानं तशीच राहतात. सातचा ताळा मात्र पकडतो: न ची सातने बाकी ५, ६४१ ची ४, ६७००४१७ ची ३, आणि ४ × ३ = १२ ची बाकी ५. जुळलं. ६७४१७ ला ७ ने पूर्ण भाग जातो, तिथे गुणाकाराची बाकी ० येते आणि चूक उघडी पडते. किंवा नुसते अंक मोजा: तीन अंकी गुणिले पाच अंकी संख्या आठ अंकांच्या पुढे जात नाही, न तर दहा अंकी आहे.

६७००४१७ चं: तिचा कोणताही मूळ अवयव न चाही अवयव असणार, म्हणून तोही १२८क + १ च हवा. २५८८ पर्यंत या आकाराच्या, ६४१ पासून पुढच्या मूळ संख्या चारच: ६४१, ७६९, ११५३, १४०९. (बाकीच्या ८९७ = ३ × १३ × २३, १५३७ = २९ × ५३, १७९३ = ११ × १६३, १९२१ = १७ × ११३, २१७७ = ७ × ३११, २५६१ = १३ × १९७ वगैरे.) बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. यादीत ६४१ पुन्हा घ्यायला विसरू नका. न ला ६४१ च्या वर्गाने भाग जात असेल का, हे त्यानेच कळतं.

---

घातमापक

मूळशोधक यांनी पाया घातलाच आहे. तिसऱ्या प्रश्नाचं सांगतो.

कागदावरची बाकी १ बरोबर आहे, प्रोग्रॅमची ० चूक आहे. ० येणं मुळात अशक्य आहे, कारण न विषम आहे आणि २ च्या कुठल्याही घाताला विषम संख्येने (१ सोडून) पूर्ण भाग जात नाही. अशी बाकी दिसली की गणितावर नव्हे, साठवणीवर संशय घ्यायचा.

वर्ग करत जा: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. पाचव्या वर्गाला आपण न − १ वर, म्हणजे −१ वर आलो. सहावा वर्ग २^६४ = १८४४६७४४०७३७०९५५१६१६. ६४ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५. नेमका एकाने ओसंडतो आणि खाली उरतं शून्य. पुढचे सगळे वर्ग शून्यच. यात लक्षात ठेवण्याजोगं हे की न ने भागल्यावर येऊ शकणाऱ्या बाक्यांपैकी फक्त एका बाकीचा वर्ग असा ओसंडतो, ती बाकी ४२९४९६७२९६. तिच्याहून लहान सगळ्या बाक्यांचे वर्ग मावतात. आणि पाया २ नेमका तिच्यावरच जाऊन बसतो.

चिन्हसहित ६४ बिट वापरत असाल तर मर्यादा ३०३७०००४९९ ची. त्याहून मोठ्या बाकीचा वर्ग मावत नाही. दशांश संख्यांच्या ५३ बिटांच्या साठवणीत तर ९४९०६२६५ च्या पुढे वर्गाचे शेवटचे अंक खात्रीचे नाहीत, आणि तिथे ओसंडल्याची कसली खूणही मिळत नाही. न ही संख्या ३२ बिटांत साठवलीत तर ती १ म्हणून साठते आणि प्रोग्रॅम "अवयव नाहीत" असं खुशाल सांगतो.

उपाय सोपा आहे. २^३२ ≡ −१ असल्यामुळे भागाकार करायची गरजच नाही. गुणाकाराचे ३२-३२ बिटांचे दोन भाग करा, खालच्या भागातून वरचा वजा करा, उत्तर ऋण आलं तर न मिळवा. उदाहरणार्थ ३^३२ = १८५३०२०१८८८५१८४१. वरचा भाग ४३१४३९, खालचा ३७९३६३२८९७. वजाबाकी ३७९३२०१४५८. हीच ३^३२ ची न ने येणारी बाकी. ४२९४९६७२९६ × ४२९४९६७२९६ हा एकच गुणाकार वेगळा हाताळा, उत्तर १.

आता चाचणी का फसते ते. न − १ = २^३२, आणि २ चा ६४ वा घात १ होतो. ६४ ने २^३२ ला भाग जातो, म्हणून बाकी १ येणारच. अवयव कोणतेही असोत, फर्माच्या आकाराच्या, म्हणजे २^(२^क) + १ अशा, प्रत्येक संख्येला हे लागू आहे. नुसती साधी चाचणीच नव्हे, मिलर–रॅबिन ही तिची कडक आवृत्तीही पाया २ घेतला तर "मूळ असावी" म्हणते, कारण वर्गांच्या साखळीत १ च्या आधी −१ येतो. ४, ८, १६ हे पायेही तसेच निरुपयोगी. एका मूळ संख्येचे अवयव शोधायला निघाल्यासारखं वाटतं, आणि दोष मात्र पायाच्या निवडीत असतो.

पाया ३ घ्या. ३, ९, ८१, ६५६१, ४३०४६७२१, ३७९३२०१४५८, … असे ३१ वर्ग झाले की १०३२४३०३, आणि ३२ व्या वर्गाला ३०२९०२६१६०. १ नाही, म्हणजे न ही संयुक्त, आणि इथे शंकेला जागा नाही. ३१ व्या वर्गाला −१ आला असता तर न मूळ ठरली असती. ही पेपँची कसोटी, १८७७ ची. चिन्हसहित ६४ बिटांत ही साखळी सहाव्या वर्गाला तुटते, कारण ३७९३२०१४५८ ही ३०३७०००४९९ पेक्षा मोठी आहे. तुमच्या प्रोग्रॅमचं उत्तर या दोन टप्प्यांवर ताडून बघा: पाचव्या वर्गानंतर ३७९३२०१४५८, एकतिसाव्यानंतर १०३२४३०३.

किती पाये फसवतात हेही नेमकं मोजता येतं. न च्या दोन अवयवांतून १ वजा केला तर ६४० = २^७ × ५ आणि ६७००४१६ = २^७ × ३ × १७४४९. दोघांचाही २^३२ शी मसावि १२८. म्हणून फसवे पाये १२८ × १२८ = १६३८४. न शी सहमूळ पाये ४२८८२६६२४०. म्हणजे २६१७३५ पायांत एक फसवा, आणि २ हा त्या मोजक्यांतला.

---

समशेष

दोघांचे आभार. घडी घालून वजाबाकीची युक्ती लावली, ३१ व्या वर्गाला १०३२४३०३ आले. चौथ्या प्रश्नाचं कारणही आता दिसू लागलंय: २ चा घातांक दोन्ही अवयवांत ६४ च आहे, म्हणून दोघे एकदम सापडतात. बरोबर ना? मग तिथेही पाया ३ च घ्यायचा का?

---

घातमापक

बरोबर. ७! = ५०४०, त्यात २ चा घात फक्त २^४. ६४ ने भाग जात नाही, म्हणून मसावि १. ८! = ४०३२०, त्यात २^७. ६४ ने भाग जातो, म्हणून २^(८!) − १ ला ६४१ आणि ६७००४१७ दोघांनीही भाग जातो, मसावि न. मधे थांबा नाहीच. पायऱ्या बारीक करूनही उपयोग नाही, कारण दोन्ही अवयव एकाच घातांकाला सापडतात.

पाया ३ ला तसं होत नाही. ६४० चा ८! ला भाग जातो (४०३२० = ६४० × ६३), म्हणून ६४१ सापडतो. ६७००४१६ मधला १७४४९ ही मूळ संख्या आहे आणि ८! मध्ये ती नाही, म्हणून ६७००४१७ सापडत नाही. ३^(८!) − १ आणि न यांचा मसावि नेमका ६४१. एक सावधगिरी: घातांकासाठी १ ते १० चा लसावि, २५२०, वापरू नका. त्यात २ चा घात फक्त २^३ आहे आणि पाया ३ ला ६४१ मध्ये पुरता २^७ लागतो. अशा संख्यांना घातांकात २ चे घात सढळ हाताने टाकावे लागतात.

---

वर्गांतर

सोपी वाट सुचवतो. न ही दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहा. ६५५३७ पासून एकेक वाढवत तिच्या वर्गातून न वजा करा, उरलेली संख्या पूर्ण वर्ग आली की अवयव हातात. नुसते वर्गच करायचे, भागाकार नकोत.

---

मूळशोधक

इथे ती वाट चालणार नाही. ही पद्धत अवयव एकमेकांच्या जवळ असले की झटपट चालते. इथे ते टोकाला आहेत. थांबायची जागा (६४१ + ६७००४१७) ÷ २ = ३३५०५२९. ६५५३७ पासून तिथवर ३२८४९९३ वर्ग तपासावे लागतील. थेट भागाकार त्याहून हजारो पट स्वस्त.

---

द्विवर्गी

वर्गांची वजाबाकी चालत नाही, पण वर्गांची बेरीज फार सुंदर चालते. या संख्येत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच.

न = ६५५३६^२ + १^२, हे उघड आहे. एखादी विषम संख्या दोन सहमूळ वर्गांची बेरीज म्हणून एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिता आली तर ती मूळ नसते. ऑयलरने यावरूनच अवयव काढायची रीत दिली. न साठी दुसरी तऱ्हा अशी:

६२२६४^२ + २०४४९^२ = ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१ = ४२९४९६७२९७.

आता सम संख्या एकत्र घ्या, विषम एकत्र. ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८; मसावि ८. तसेच ६५५३६ + ६२२६४ = १२७८०० आणि २०४४९ + १ = २०४५०; मसावि ५०. दोन्ही मसाविंची निमपट ४ आणि २५. ४^२ + २५^२ = १६ + ६२५ = ६४१. झालं! मसाविने भागून उरलेल्या संख्या दोन्हीकडे त्याच येतात: ३२७२ ÷ ८ = ४०९ आणि २०४४८ ÷ ८ = २५५६, तसेच २०४५० ÷ ५० = ४०९ आणि १२७८०० ÷ ५० = २५५६. आणि ४०९^२ + २५५६^२ = १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७. दुसरा अवयवही स्वतःचे वर्ग घेऊनच येतो.

उलट दिशेने ताळा: २५ × २५५६ = ६३९०० आणि ४ × ४०९ = १६३६. बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. २५ × ४०९ = १०२२५ आणि ४ × २५५६ = १०२२४. वजाबाकी १, बेरीज २०४४९. न च्या दोन्ही तऱ्हा या चार आकड्यांतून निघतात. १०२२५ आणि १०२२४ असे शेजारी येणं हेच २^३२ + १ मधल्या त्या एकट्या १ चं गुपित.

अडचण दुसरी तऱ्हा शोधण्यात आहे. विषम संख्या ३ पासून चढत गेलो तर २०४४९ पर्यंत १०२२४ प्रयत्न. ते बरेच गाळता येतात. न ची ५ ने बाकी २, आणि वर्गांच्या बाक्या ०, १, ४ एवढ्याच. २ होण्यासाठी १ + १ हाच मार्ग. म्हणून विषम संख्येचा शेवटचा अंक १ किंवा ९, सम संख्येचा ४ किंवा ६. ३ ने बाकी २, म्हणून दोघांपैकी एकालाही ३ ने भाग जाऊ नये. ७ ने बाकी ५, म्हणून विषम संख्येची ७ ने बाकी १, २, ५ किंवा ६. एवढ्याने उरतात सुमारे १५५०. हाताने करायला तरीही खूप, १२८क + १ शी बरोबरी नाही. पण जिथे अवयवांचा आकार माहीत नसतो आणि संख्या दोन वर्गांची बेरीज आहे एवढंच माहीत असतं, तिथे ही गाळणी कामाची.

६४१ चे हेच दोन चेहरे, ५^४ + २^४ आणि ५ × २^७ + १, घेतले तर भागाकार न करताही सिद्धता होते. मॉड ६४१ मध्ये ५ × २^७ ≡ −१. चौथा घात: ५^४ × २^२८ ≡ १. पण ५^४ ≡ −२^४. ठेवून द्या: −२^३२ ≡ १. म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो.

---

मूळशोधक

सुरेख. दोन-तीन गोष्टी नोंदवून ठेवतो, धागा पुढे कुणी वाचेल त्याला लागतील.

विभाजक चारच: १, ६४१, ६७००४१७, न. त्यांची बेरीज ६४२ × ६७००४१८ = ४३०१६६८३५६. न वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज ६७०१०५९, न च्या मानाने अगदीच किरकोळ. न शी सहमूळ असलेल्या, तिच्याहून लहान संख्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०. न शी सहमूळ कोणत्याही पायाला १ वर नेणारा सर्वांत लहान सामाईक घातांक ३३५०२०८०, म्हणजे ६४० आणि ६७००४१६ यांचा लसावि.

न − २ = ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. या पाच म्हणजे न च्या आधीच्या फर्मा संख्या, आणि पाचही मूळ. त्यावरूनच १६४० मध्ये फर्माला वाटलं की पुढच्याही मूळ असतील. न पासूनच ते मोडलं. पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या सुसम बहुभुजांमध्ये बाजूंची ज्ञात सर्वांत मोठी विषम संख्या हीच, ४२९४९६७२९५. तिच्यापासून दोनच पावलांवरच्या न बाजूंचा बहुभुज मात्र काढता येत नाही.

आणि एक बजावून सांगायचं आहे. १२८क + १ हा नियम याच संख्येचा आहे, कुठेही उचलून लावू नका. २^६४ + १ साठी तो २५६क + १ होतो. तिचा लहान अवयव २७४१७७ = २५६ × १०७१ + १, जो लाँद्रीने १८८० मध्ये प्रसिद्ध केला. पाया बदलला की नियमही बदलतो. १०^१६ + १ घ्या: तिथे १० चा घातांक ३२, म्हणून अवयव ३२क + १. म^२ ≡ २ ची युक्ती तिथे नाही. सवयीने १२८ लावलात तर तिचे दोन सगळ्यात लहान अवयव निसटतील. ६४१ मात्र तिचाही अवयव आहे: मॉड ६४१ मध्ये ५^४ ≡ −२^४, म्हणून ५^८ ≡ २^८, म्हणून १०^८ ≡ २^१६, आणि १०^१६ ≡ २^३२ ≡ −१.

---

समशेष

३२क + १ घेऊन १०^१६ + १ वर बसलो. मूळ संख्या क्रमाने ९७, १९३, २५७, ३५३. पहिल्या तिघांनी भाग जात नाही, ३५३ ने जातो, भागाकार २८३२८६११८९८०१७. त्याला ४४९ ने, मग ६४१ ने, मग १४०९ ने. शेवटी ६९८५७. त्याचं वर्गमूळ २६४ च्या थोडं पुढे, आणि तिथवर या आकाराच्या मूळ संख्या ९७, १९३, २५७ च, ज्यांनी १०^१६ + १ लाच भाग गेला नव्हता. म्हणून ६९८५७ मूळ, आणि

१०^१६ + १ = ३५३ × ४४९ × ६४१ × १४०९ × ६९८५७.

३५३ − १ = ३५२ आणि ४४९ − १ = ४४८, दोन्हींना १२८ ने भाग जात नाही. निसटणारे ते दोन सगळ्यात लहान अवयव हेच.